‘वतीने’ म्हणजे कोणी?

गेल्या वैशाखात वाशिमास आमच्या घरी एका सत्कारसमारंभाची छापील पत्रिका आली. कागद गुळगुळीत, अक्षरे सोनेरी, आणि मजकूर पुढीलप्रमाणे: अमुक मंडळाच्या वतीने, तमुक प्रतिष्ठानच्या वतीने व समस्त मित्रपरिवाराच्या वतीने गुणवंतांचा सत्कार आयोजित करण्यात आला असून आयोजकांच्या वतीने आपणांस आग्रहाचे निमंत्रण देण्यात येत आहे. त्या दिवशी आम्हांस परगावी जाणे भाग होते. म्हणून न येण्याबद्दल क्षमा मागणारे दोन ओळींचे पत्र लिहावयास आम्ही बसलो, आणि मायन्यापाशीच अडलो. पत्र लिहावयाचे कोणास? पत्रिकेत ‘वतीने’ चार वेळा आलेले. पण बोलावणाऱ्या माणसाचे नाव एकदाही नाही. शेवटी पत्रिका घेऊन आलेल्या मुलासच विचारले, “बाबा रे, बोलावले कोणी?” तो म्हणाला, “सर, सगळ्यायनं.” “सगळ्यांनी म्हणजे कोणी?” यावर तो नुसता हसला. पत्र काही आम्ही लिहिले नाही.

प्रसंग क्षुल्लक आहे, आणि एका शब्दावरून एवढा खल करणे हा रिकामटेकडेपणा होय, असे काही वाचकांस वाटेल. मुलांस इंग्रजी शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली. तेव्हा शब्दांचा कीस काढण्याची खोड आम्हांस जडली असेल, हेही खोटे नव्हे. परंतु आमचे म्हणणे व्याकरणापुरते नाही. ‘च्या वतीने’ ही चार अक्षरे आज मराठी लेखनात कर्ता लपविण्याचे सर्वांत सोयीचे साधन होऊन बसली आहेत. आणि ज्या भाषेत कर्ता सहज लपविता येतो त्या भाषेत जाब विचारणे कठीण होते. हेच आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘वतीने’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याला दिला नाही. तो आपलाच आहे, आणि त्याचा अर्थही नेमका आहे: दुसऱ्याच्या ठिकाणी उभे राहून, त्याचे म्हणून, काही करणे. बिघडला आहे तो शब्द नव्हे, त्याचा उपयोग. तो कसा बिघडला हे आम्ही दरवर्षी उत्तरपत्रिकांत पाहतो. ‘ऑन बिहाफ ऑफ’ या इंग्रजी शब्दसमूहाचा अर्थ ‘च्या वतीने’ असा मुलगा शाळेत घोकतो. पुढे त्याला ‘ऑन द पार्ट ऑफ’ भेटतो. हे दोन्ही त्याला एकाच घरचे वाटतात, म्हणून दोहोंसही तो एकच अंगरखा घालतो. मोटारीच्या अपघाताविषयीचा एक उतारा आम्ही भाषांतरास दिला होता. त्यात चालकाचा निष्काळजीपणा ‘ऑन द पार्ट ऑफ’ या शब्दांनी सांगितला होता. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले, ‘चालकाच्या वतीने निष्काळजीपणा झाला.’ आम्ही एकाच्या समासात प्रश्न लिहिला, ‘चालकाने आपल्या जागी निष्काळजीपणा करावयास कोणास पाठविले होते?’ मुलगा हुशार होता, त्याने दुसऱ्या दिवशी येऊन विचारले, “सर, मग वर्तमानपत्रात रोज तसेच येते ते कसे?” त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच हा लेख समजावा.

या चुकीत आपली मुलेच सापडतात असे नाही. ज्यांची ती मातृभाषा आहे असे लोकही ‘ऑन द पार्ट ऑफ’च्या जागी ‘ऑन बिहाफ ऑफ’ लिहितात, आणि इंग्रजी लेखनाचे शिक्षक त्यांस त्याबद्दल फटकारतात. अमेरिकेतील जुन्या चालीचे लेखक तर आणखी एक पायरी पुढे जातात: ‘ऑन बिहाफ’ म्हणजे एखाद्याचा प्रतिनिधी म्हणून, आणि ‘इन बिहाफ’ म्हणजे एखाद्याच्या हितासाठी, असा भेद ते पाळू पाहतात. हा भेद सर्वत्र पाळला जात नाही, हे खरे. परंतु तो पाळावासा वाटणे हीच मौजेची गोष्ट आहे. माझा वकील म्हणून बोलणारा आणि माझ्या भल्यासाठी बोलणारा हे दोघे एकच नव्हेत. पहिल्यास मी नेमलेले असते. दुसरा आपण होऊन आलेला असतो.

या इंग्रजी शब्दाच्या पोटात ‘हाफ’ आहे, आणि त्या ‘हाफ’चा जुन्या इंग्रजीतला अर्थ ‘अर्धा’ एवढाच नसून ‘बाजू’ असाही होता. एखाद्याच्या बाजूस उभे राहणे, हा त्या शब्दाचा मूळ भाव. आपला ‘तर्फे’ अरबीतून फारसीच्या वाटेने आला. त्यातील ‘तरफ’ म्हणजेही बाजूच. सहस्र कोसांच्या अंतरावरील दोन भाषांनी हा व्यवहार एकाच चित्राने दाखविला आहे, आणि त्या चित्रात माणसे दोन आहेत: ज्याची बाजू आहे तो, आणि त्या बाजूस येऊन उभा राहिलेला. एकच माणूस स्वतःच्या बाजूस उभा राहू शकत नाही. आजच्या आपल्या ‘वतीने’ने मात्र हा चमत्कार साधला आहे. ‘मंडळाच्या वतीने मंडळाचा वर्धापनदिन साजरा करण्यात आला.’ येथे मंडळ आपल्याच शेजारी उभे आहे, आणि प्रत्यक्ष काम करणारा कोठेच नाही.

या बाबतीत मराठी दरिद्री असती तर तिला क्षमा करता आली असती. परंतु तिची श्रीमंती पाहा. बाप, मुलगा आणि एक पत्र एवढीच सामग्री घेऊ. ‘मुलाने पत्र लिहिले’ म्हणजे बुद्धीही त्याची आणि हातही त्याचा. ‘मुलाकडून पत्र लिहविले’ म्हणजे हात मुलाचा, इच्छा बापाची. ‘मुलाच्या हाती पत्र धाडले’ म्हणजे मुलगा केवळ वाहक. आत काय आहे हे त्यास ठाऊकही नसेल. ‘मुलामार्फत बोलणे लावले’ म्हणजे मुलगा मध्यस्थ. ‘मुलासाठी पत्र लिहिले’ म्हणजे हित मुलाचे, मग त्याची संमती असो वा नसो. आणि ‘मुलाच्या वतीने पत्र लिहिले’ म्हणजे हात बापाचा, पण शब्द मुलाचे म्हणून धरावयाचे आणि त्यांनी बांधला जाणार तो मुलगा. सहा वाक्ये, सहा निरनिराळ्या जबाबदाऱ्या. हे भेद आमच्या आजीस ठाऊक होते, आणि ती तर पाटीवरसुद्धा कधी एक अक्षर लिहिली नव्हती. आज पदवी घेतलेला मनुष्य या सहाही ठिकाणी बेधडक ‘वतीने’ लिहितो, आणि त्यास आपण शिष्ट मराठी लिहिली असे वाटते.

आमच्या मते ‘वतीने’ लिहावयाचे तर तीन गोष्टी हाताशी पाहिजेत. एक, ज्याच्या वतीने करावयाचे तो धनी. दोन, प्रत्यक्ष करणारा. आणि तीन, पहिल्याने दुसऱ्यास दिलेला, किंवा कायद्याने त्यास मिळालेला, अधिकार. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात मुखत्यारीवर एक संपूर्ण प्रकरण आहे, आणि त्याचा सारा डोलारा या तिघांवर उभा आहे. यांपैकी एक खांब काढला तरी वाक्य खाली येते. कर्ता काढला तर वाक्य लबाड होते. अधिकार काढला तर ते जुलमी होते. आणि धनी काढला तर ते निव्वळ पोकळ होते.

पूर्वीच्या कागदपत्रांत ही काळजी कशी घेतली जाई पाहा. गावच्या महजरावर पाटलाची सही नसे, कारण पुष्कळदा त्यास लिहिता येत नसे. तेथे नांगराची निशाणी असे. बलुतेदारही आपापल्या धंद्याच्या हत्याराची खूण करीत. मजकूर लिहिणारा हात दुसऱ्याचा; पण निशाणी ज्याची त्याची. निरक्षर पाटलासही स्वतःच्या नावाने उभे राहता येत होते. पुढे नांगर जाऊन अंगठा आला, तरी रीत तीच राहिली: अंगठा अमक्याचा, अक्षर तमक्याचे. कोणी सांगितले आणि कोणी लिहिले, हे एका ओळीत स्पष्ट.

त्याहूनही मागे जावयाचे असेल तर आमच्या गावाबाहेर जाण्याचे कारण नाही. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीने येथून दिलेला ताम्रपट १९३९ साली उजेडात आला. त्यात राजवंशाचे वर्णन संस्कृतात आहे, पण दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात आहे. थोरवी सांगावयास एक भाषा आणि काम सांगावयास दुसरी, अशी ही वाटणी. याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाचा, अमरावती जिल्ह्यातील चमक येथे मिळालेला, त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षाचा ताम्रपट पाहिला, तर चित्रवर्मा हा सेनापती असताना तो लिहिला गेला, अशी नोंद त्यात सापडते. दान राजाचे, पण कोणाच्या अमलात लिहिले त्याचे नाव तांब्यावर कोरलेले. सुमारे दीड हजार वर्षांनी ते नाव आपल्याला वाचता येते. आमच्याकडे आलेल्या सोनेरी पत्रिकेतील यजमानाचे नाव पंधरा दिवसांनीही आम्हांस कळले नाही.

आता कोणी म्हणेल की हा सारा सरकारी भाषेचा दोष आहे. तोही पुरता खरा नाही. १ जुलै १९९८ रोजी वाशिम हा पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या वाढल्या, कचेऱ्यांबरोबर पत्रव्यवहार वाढला, आणि त्या पत्रव्यवहारातील मराठी रिसोड-मानोऱ्याच्या खेड्यांपर्यंत पोहोचली, हे खरे. त्या मराठीची आम्ही स्तुती करणार नाही. परंतु जेथे खरोखर काही पणास लागलेले असते तेथे तीच सरकारी भाषा किती सावध होते पाहा. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ अशी ओळ असते, आणि तिच्याखाली एका अधिकाऱ्याची सही, नाव व हुद्दा असतो. ही ओळ शोभेची नव्हे. राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालल्याचे लिहून दाखविले पाहिजे, असे संविधानाचे १६६ वे कलम सांगते. २९९ वे कलम तर सरकारी करारांविषयी स्पष्टच बजावते की ते राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या वतीने, अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच केले पाहिजेत. धनी, कर्ता आणि अधिकार, तिन्ही खांब जागच्या जागी.

आणि ते नसले तर काय होते? ईस्ट इंडियन रेल्वेच्या एका विभागीय अधीक्षकाने धान्य पुरविण्याबद्दल भिकराज जयपुरिया या व्यापाऱ्याशी करार केले होते. धान्य, भाव, मागणी, सारे काही कागदावर होते. पण ते करार कायद्याने सांगितल्याप्रमाणे गव्हर्नर जनरलच्या नावाने व त्याच्या वतीने केलेले नव्हते. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की असे करार बजावून घेता येत नाहीत. जो शब्द आपण लग्नाच्या आहेरासारखा वाटत सुटलो आहोत, तो एका ठिकाणी नव्हता म्हणून एका व्यापाऱ्याचा दावा बुडाला. शब्दास वजन असते ते असे.

परंतु न्यायालयापर्यंत कशास जावे? आपल्या शेताच्या सातबाऱ्यावर या शब्दाची दोन पोरकी मुले बसलेली आहेत. एक ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता; दुसरे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. दोन्हींचा हेतू निर्मळ. लहान मुलास व्यवहार कळत नाही, तोवर वडीलधाऱ्याने त्याच्या वतीने पाहावे. एकत्र कुटुंबात प्रत्येकाने कचेरीत खेटे घालू नयेत, म्हणून थोरल्याने सर्वांच्या वतीने पाहावे. पण मूल वयात येते, आणि शेरा मात्र वयात येत नाही. आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील ती चार वर्षांची असताना वारले. तिच्या नावापुढे पालनकर्ता म्हणून चुलत्याचे नाव लागले. ती आज सव्वीस वर्षांची आहे, एका शाळेत मुलांस गणित शिकविते. आणि पीककर्जासाठी गेली तेव्हा तिला ‘पालनकर्त्यास घेऊन या’ असे सांगण्यात आले. तिने हे आम्हांस हसत सांगितले. परंतु सांगताना तिने जे वाक्य वापरले ते हसण्याजोगे नव्हते. ती म्हणाली, “सर, कागदावर मी अजून बोलायला शिकलेच नाही.”

दुसऱ्या शेऱ्याची कथा याहून कठीण. थोरल्या भावाचे नाव सर्वांच्या वतीने लागले. तो हयात असेपर्यंत घरात तक्रार नव्हती, कारण ‘वतीने’चा अर्थ सर्वांस ठाऊक होता. तो वारला, त्याच्या मुलांची नावे वारस म्हणून चढली, आणि धाकट्या भावांची व बहिणींची नावे कागदावर कधी नव्हतीच. अशी भांडणे वऱ्हाडात कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी कोर्टाच्या ओसरीवर उभे राहिले तर ऐकू येतात. सर्वांच्या वतीने लिहिलेले नाव हळूहळू सर्वांच्या ऐवजी लिहिलेले नाव होते. ‘वतीने’ आणि ‘ऐवजी’ यांतील भेद व्याकरणात एका शब्दाचा आहे. शेतात तो काही एकरांचा असतो.

असेच तिसरे उदाहरण ग्रामपंचायतीचे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, स्त्रियांसाठी पंचायतीत जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या. त्यातून पुष्कळ कर्तृत्ववान सरपंच स्त्रिया पुढे आल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण त्याबरोबर ‘सरपंचपती’ हा नवा हुद्दाही जन्मास आला. बैठकीत खुर्चीवर पती, भाषण पतीचे, आणि इतिवृत्तात मात्र ‘सरपंचांच्या वतीने सूचना मांडण्यात आली’. येथे धनी आहे, कर्ताही आहे. नाही तो अधिकार. तो कोणत्या कायद्याने दिला? ‘मांडण्यात आली’ या शब्दांनी तो प्रश्नच पुसून टाकला. ‘सरपंचबाईंच्या खुर्चीवर बसून त्यांच्या यजमानांनी सूचना मांडली’ असे वाक्य लिहावे लागले असते तर लिहिणाऱ्याचा हात क्षणभर तरी अडखळला असता. भाषेचे काम पुष्कळदा इतकेच असते: हात अडखळविणे.

येथे आमच्या भाषाशुद्धीच्या अभिमान्यांविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वादाने महाराष्ट्र दुमदुमत होता. सावरकरांनी परके शब्द हाकलण्याची चळवळ केली. माधव जूलियन यांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. त्या पिढीच्या तळमळीपुढे आम्ही नम्र आहोत. पण त्या वादाचा वारसा सांगणारे आजचे लोक पहारा देतात तो नामांवर. मेयरचा महापौर झाला की त्यांस किल्ला राखल्यासारखे वाटते. इकडे वेशीवरून ‘महापौरांच्या वतीने स्वागत करण्यात आले’ हे वाक्य आत येते. त्यातील एकही शब्द परका नाही, म्हणून त्यास कोणी अडवीत नाही. आणि त्याची घडण पाहिली तर मराठीचा ‘ने’ हा साधा, प्रामाणिक प्रत्यय हद्दपार झालेला असतो. ‘महापौरांनी स्वागत केले’ या तीन शब्दांत काय उणे होते? परका शब्द घरात पाहुणा म्हणून राहतो. परकी घडण घराच्या भिंती हलविते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा गावोगावी आनंदसोहळे झाले. त्यांपैकी बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या ‘वतीने’ संपन्न झाले, हे सांगणे नलगे.

आता आक्षेप. पहिला नेहमीचाच: भाषा ही वाहती नदी आहे, रूढी बलवत्तर असते, लोक लिहितात तेच शुद्ध. नदी वाहते हे आम्हांस मान्य आहे. पण नदीत गावाचे सांडपाणी सोडणाराही तिच्या वाहतेपणाचीच साक्ष काढतो. शिवाय ही लोकांची रूढी मुळीच नव्हे. बाजारात कोणी ‘माझ्या वतीने भाजी घेण्यात आली’ म्हणत नाही. ही रूढी पत्रकांची आहे, आणि पत्रके लिहिणारे आपणच, शिकलेले लोक.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो करणारे आमचे एक वकील मित्र आहेत. ते म्हणतात, मंडळ, नगरपालिका, महाविद्यालय यांस हात-पाय नसतात. संस्था जे करते ते माणसांमार्फतच करते. तेव्हा ‘संस्थेच्या वतीने’ हेच कायद्यास धरून आहे. अगदी खरे. म्हणूनच आम्ही विचारतो, ती माणसे वाक्यात कोठे आहेत? ‘संस्थेच्या वतीने अध्यक्षांनी मानपत्र दिले’ हे वाक्य निर्दोष आहे. आम्ही त्यास नमस्कार करू. ‘संस्थेच्या वतीने मानपत्र देण्यात आले’ हे अर्धे वाक्य आहे. आणि हे अर्धेपण मानपत्राच्या वेळी चालून जाते, पण रस्त्यावरील उघड्या खड्ड्यात कोणी पडला की बाधते. ‘प्रशासनाच्या वतीने दुर्लक्ष करण्यात आले’ असे वर्तमानपत्र लिहिते. दुर्लक्ष करावयास प्रतिनिधी लागत नाही! ते ज्याने केले त्याने स्वतःच केले. हे वाक्य लिहिणाऱ्या वार्ताहरास वाटते की आपण प्रशासनावर टीका केली. वस्तुतः त्याने प्रशासनाचे वकीलपत्र घेतले आहे.

तिसरा आक्षेप विनयाचा. ‘मी केले’, ‘आम्ही केले’ म्हणणे उद्धटपणाचे; म्हणून सभ्य मनुष्य स्वतःस झाकून ठेवतो. आम्ही या विनयाची परीक्षा पाहिली आहे. श्रेय घेण्याची वेळ आली की फलकावर नावे येतात, छायाचित्रे येतात, आणि ‘शुभहस्ते’ हा शब्द हात कोणाचा हे सांगण्यास चुकत नाही. झाकण्याची आठवण होते ती हिशेब देताना. हा विनय नव्हे. जुन्या लग्नपत्रिकेत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ असे म्हणून घरचा वडील मनुष्य खाली आपले नाव घाली, आणि नावाआधी ‘आपला विनीत’ लिही. विनयही तेथे होता आणि नावही होते. पाहुण्याचे जेवण चुकले तर कोणाच्या दारात जावयाचे हे ठाऊक असे.

आणि चौथा आक्षेप आम्हीच आम्हांवर घेतो. या लेखात आरंभापासून ‘आम्ही’, ‘आम्ही’ चालले आहे. लेखक एक, मग हे ‘आम्ही’ कोणाच्या वतीने? प्रश्न रास्त आहे. हा मासिकांचा जुना रिवाज आहे, आणि रिवाजामागे लपणे सोपे असते, हे आम्हांस नाकबूल नाही. आमचे उत्तर एवढेच की या ‘आम्ही’ने आम्ही कोणाचे मुखत्यारपत्र घेतलेले नाही. महाविद्यालयाच्या वतीने, प्राध्यापकांच्या वतीने, अथवा मराठीच्या वतीने आम्ही बोलत नाही. मराठीच्या वतीने बोलणारे आधीच पुष्कळ आहेत. येथे लिहिलेल्या प्रत्येक शब्दाबद्दलची निंदा एकाच पत्त्यावर यावी.

उपाय सांगितल्याशिवाय टीका करू नये, म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस दिलेली कसोटी येथे देतो. ‘वतीने’ लिहून झाले की वाक्यास विचारावे, ‘कोणी?’ वाक्याने नाव सांगितले, किंवा निदान हुद्दा सांगितला, तर शब्द राहू द्यावा. मग विचारावे, ‘कोणाच्या अधिकाराने?’ त्याचेही उत्तर आले तर वाक्य खुशाल छापावे. पहिल्याच प्रश्नास वाक्य मुके राहिले, तर ‘च्या वतीने’ खोडून तेथे ‘ने’ किंवा ‘नी’ लिहून पाहावे आणि ‘करण्यात आले’चे ‘केले’ करावे. दहांपैकी आठ वाक्ये तेवढ्याने बरी होतात. उरलेली दोन बरी होत नाहीत, कारण ज्याने केले त्याचे नाव लिहिणाऱ्यास सांगावयाचेच नसते. ती दोन ओळखू येणे हाच या कसोटीचा खरा लाभ होय. घरातील मुलांनी शाळेचा अर्ज लिहिताना, वडिलांनी सोसायटीची नोटीस लिहिताना, आईने महिला मंडळाचे इतिवृत्त लिहिताना ही कसोटी लावून पाहावी. इंग्रजीतही तीच चालते: ‘ऑन बिहाफ ऑफ’ लिहिले की पाठोपाठ करणाऱ्याचा शोध घ्यावा, आणि करणारा व धनी एकच निघाले तर तो शब्दसमूह तेथून उचलावा.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त एक कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून देशोदेशी हिंडत निघाला. साहित्यविद्या त्याच्या मागोमाग गेली. आणि शेवटी विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा विवाह झाला. तो विवाह आमच्या गावी झाला, याचा आम्हां वाशिमकरांस साहजिकच अभिमान आहे. त्या कथेत एक गोष्ट आम्हांस नेहमी आवडते: वर स्वतः उभा होता, आणि वधूही स्वतः. कोणी कोणाच्या वतीने माळ घातली नाही.

ती गणित शिकविणारी मुलगी परवा पुन्हा भेटली. सातबाऱ्यावरील शेरा काढण्यासाठी तिने अर्ज केला आहे. अर्जाचा मसुदा तपासावयास तिने आम्हांस दाखविला. आरंभीच लिहिले होते, ‘अर्जदाराच्या वतीने विनंती करण्यात येते की’. आम्ही काही बोललो नाही, नुसती लेखणी तिच्याकडे सरकवली. तिने ती ओळ खोडली आणि लिहिले, ‘मी विनंती करते की’.